बत्तिसांची पंगत

माझ्या विद्यार्थिनीने मानवी जीनोमची असेंब्ली, म्हणजे वाचलेल्या डीएनए-तुकड्यांची जोडणी, ‘हायफायएएसएम’ या निव्वळ सीपीयूवर चालणाऱ्या प्रोग्रामने केली. “मॅडम, जीपीयू कार्ड लागलंच नाही,” म्हणाली. मी तिचं कौतुक केलं, पण मनातून खट्टू झाले, कारण हेच काम जीपीयूवर बसवायला मी वर्षानुवर्षं झटतेय.

२००७ साली जीपीयूवर प्रोग्राम लिहिण्यासाठी कुडा आलं, तेव्हापासून माझं भांडण वॉर्पशी, म्हणजे जीपीयूतल्या थ्रेडच्या गटाशी आहे. बत्तीस थ्रेड, हुकूम एक. ही पंगतच, शेवटचा जेवेपर्यंत कुणी उठायचं नाही. के-मर, म्हणजे डीएनएचे ठरावीक लांबीचे तुकडे, मोजायचे, क्रमाने लावायचे, तोवर सगळ्यांच्या पानात सारखं वाढता येतं. पण के-मर जोडून बनलेल्या ग्राफमधली वाट चालायला लागलं की घोळ. आपल्या जीनोममध्ये सुमारे ३०० अक्षरांच्या ‘आल्यू’ या पुन्हापुन्हा येणाऱ्या क्रमाच्या दहा लाखांहून अधिक प्रती आहेत. आल्यूत शिरलेला थ्रेड दोन पावलांत फाट्यावर थांबतो, सरळ प्रदेशातला हजारो पावलं चालत राहतो, आणि पहिला ताटकळतो. त्यात पुढचा के-मर हॅश टेबलात कुठे सापडेल याचा नेम नाही, म्हणून शेजाऱ्यांची मेमरी एका खेपेत उचलता येत नाही. वाटा लांबीनुसार वेगळ्या केल्या, तर वेगळ्या करण्यातच वेळ गेला. एका वाटेला अख्खं वॉर्प दिलं, तर एकतीस थ्रेड रिकामे बसले.

मेगाहिट हा असेंब्लीचा प्रोग्राम २०१५ साली जीपीयूचा आधार घेऊन आला; पुढच्या आवृत्त्यांतून तो आधार गेला. मला तेव्हा ती माघार वाटली होती. रॅकॉनसारख्या पॉलिशिंगमध्ये (जोडलेल्या क्रमातल्या चुका सुधारण्यात) किंवा नॅनोपोरच्या बेसकॉलिंगमध्ये (सिग्नलवरून अक्षरं ओळखण्यात) जीपीयू शोभतो, कारण तिथे कामाचे तुकडे बऱ्यापैकी सारखे पडतात. पण पॉलिशिंग म्हणजे असेंब्ली नव्हे, हा माझा जुना हेका.

आमच्या धंद्यात हल्ली वेगाचे आकडे फार स्वस्त झालेत. सीपीयूचा एकच कोर चालवायचा आणि जीपीयू शंभर पट म्हणून मिरवायचा! नावं ठेवते खरी, पण स्वतःच्या आलेखातला उंच खांब पडद्यावर आला की माझाही आवाज चढतो.

विद्यार्थिनीने वापरलेला हायफाय रीड, म्हणजे यंत्राने सलग वाचलेला तुकडा, दहा-वीस हजार अक्षरांचा, अचूकता ९९.९ टक्क्यांच्या आसपास. आल्यू त्यात अख्खं मावतं, फाटाच उरत नाही. माझं कोडं सुटलं ते डीएनए वाचण्याच्या रसायनशास्त्राने, माझ्या कोडने नव्हे. तरीही मी वॉर्प सोडणार नाही. हौस म्हणा, हट्ट म्हणा. तुम्हाला मात्र कुणी ‘पन्नास पट’ म्हणालं, तर आधी विचारा: कशाच्या, आणि सीपीयूचे कोर किती चालू होते?