वीस टनांचा टोळ

आम्ही पेशाने कारकून. दिवसभर दुसऱ्यांच्या बेरजा तपासायच्या आणि संध्याकाळी वस्तीच्या कामाला लागायचे, हा आमचा वीस वर्षांचा क्रम. पत्ते आणि मोबाईलवरचे खेळ घरापासून दूर राहावेत असा आमचा कटाक्ष. त्यामुळे पुण्याला नोकरीस असलेला आमचा पुतण्या गेल्या उन्हाळ्यात नागपूरला येताना लढाईच्या खेळाचा एक खोका घेऊन आला, तेव्हा आमच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काका, एकदा बसून तर पाहा. यात तुमचं बी. कॉम. कामाला येईल," तो म्हणाला.

बसलो. आणि खरे सांगायचे तर पुढचे आठ-दहा रविवार उठलोच नाही.

या खेळाचे नाव बॅटलटेक. अमेरिकेतल्या शिकागोच्या फासा नावाच्या कंपनीने तो १९८४ साली काढला. तेव्हा त्याचे नाव बॅटलड्रॉइड्स होते. 'ड्रॉइड' या शब्दावर स्टार वॉर्स सिनेमावाल्यांनी हक्क सांगितला, म्हणून १९८५ साली नाव बदलावे लागले. टेबलावर षटकोनी घरांचा नकाशा पसरायचा, त्यावर सोंगट्या ठेवायच्या आणि दोन फासे टाकून लढायचे. सोंगट्या म्हणजे एकतिसाव्या शतकातले कल्पनेतले लढाऊ यंत्रमानव. यंत्रमानव म्हणतो खरे, पण प्रत्येकाच्या आत चालवणारा एक माणूस बसलेला असतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आम्ही मात्र पहिले काही रविवार ती विसरलो होतो.

खोक्यात आठ सोंगट्या. त्यांतली सर्वांत लहान लोकस्ट. लोकस्ट म्हणजे टोळ. २०२० सालच्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत टोळधाड आली होती, ती आमच्या धाकटीला चांगली आठवते. तिने त्या सोंगटीचे नाव लगेच 'टोळ' ठेवले. पाखरासारखे मागे वाकलेले पाय, हाताच्या जागी दोन आखूड नळ्या. काम हेराचे. पुढे धावायचे, शत्रू कुठे आहे ते पाहायचे आणि परत यायचे.

पुतण्याने विचारले, "काका, या टोळाचे हे चार प्रकार पाहा. कोणता घ्यावा? हिशेब करून सांगा."

आम्ही वही काढली.

टोळाचे एकूण वजन २० टन. याला आम्ही पगार समजलो. त्यात सांगाड्याचे २ टन, इंजिनाचे ६, तोल सांभाळणाऱ्या यंत्राचे २ आणि चालकाच्या खोलीचे ३. एकूण १३ टन बांधीव खर्च. घरभाडे, हप्ता आणि शाळेची फी जशी पगार होताच कापली जाते, तसे हे. हाती उरतात ७ टन. त्यात चिलखतही घ्यायचे आणि हत्यारेही. टोळाच्या चारही प्रकारांतला फरक म्हणजे हे ७ टन कुणी कसे खर्च केले, एवढाच.

पहिला प्रकार १-व्ही. हा मूळचा, सर्वांत साधा. ४ टनांचे चिलखत, म्हणजे ६४ गुण. एक मध्यम लेझर, दोन मशीनगन आणि त्यांचा एक टन दारूगोळा. लेझर ९ घरांपर्यंत पोचतो आणि ५ गुणांचे नुकसान करतो. मशीनगन फक्त ३ घरे पोचते आणि यंत्रमानवाचे २ गुणांचे नुकसान करते. पायी चालणाऱ्या सैनिकांवर मात्र तिचा मारा फार जबर. आम्ही वहीत लिहिले, 'ही दोन हत्यारे मोठ्यांसाठी नाहीत, पायी चालणाऱ्यांसाठी आहेत.' आणखी एक उधळपट्टी सापडली. एक टनात २०० फैरी येतात. दोन मशीनगनना त्या शंभर फेऱ्या पुरतील. आमचा डाव पंधरा फेऱ्यांच्या पुढे कधी गेला नाही. उरलेला दारूगोळा पोटात घेऊन टोळ धावतो, आणि त्यावर घाव बसला तर तोच फुटून संपतो.

दुसरा १-ई. याने दारूगोळ्याची भानगडच ठेवली नाही. तेच ६४ गुणांचे चिलखत, दोन मध्यम लेझर आणि दोन लहान लेझर. जवळून मारा केला तर ५, ५, ३ आणि ३ असे १६ गुण. १-व्हीचे अवघे ९. लेझरने यंत्र तापते, म्हणून त्याचाही हिशेब मांडला. मध्यम लेझरचे तीन-तीन, लहान लेझरचे एक-एक आणि धावण्याचे दोन मिळून उष्णता १०. आणि इंजिनाबरोबर उष्णता शोषणारी यंत्रेही नेमकी १०. जमाखर्च पैशाला पैसा जुळला. ज्याने हा टोळ आखला तो हिशेबाचा पक्का असला पाहिजे.

तिसरा १-एस. मशीनगनच्या जागी दोन-दोन क्षेपणास्त्रे सोडणारी दोन यंत्रे. ९ घरांवरून सगळे लागले तर १३ गुण. पण त्यासाठी एक टन चिलखत विकले. ६४ चे ४८ गुण राहिले.

चौथा १-एम. याला २१ घरे लांब मारा करणारी क्षेपणास्त्रे. ती यंत्रे आणि त्यांचा दारूगोळा यांतच ५ टन गेले. मग अंगावर घालायला काय उरणार? घरात दूरदर्शन संच आहे आणि छतातून पाणी गळते, अशातला प्रकार. शिवाय ही क्षेपणास्त्रे ६ घरांच्या आत नीट लागत नाहीत.

पहिल्या चार रविवारांनंतर आम्ही निकाल दिला. १-ई पहिला, १-एस दुसरा, १-व्ही तिसरा, १-एम शेवटचा. सर्वांना पटला.

पण हेराचे मोल नुसते हत्यारांवर ठरत नाही, हे पुतण्याने दाखवले. टोळाची खरी कमाई त्याच्या पायांत आहे. चालत ८ घरे, धावत १२. वळताना दर वळणाला एक घर कमी. जो जास्त घरे हलतो त्याला मारणे अवघड. समोर ८० टनांचा ऑसम नावाचा राक्षस उभा आहे. त्याच्याकडे पीपीसी नावाच्या तीन तोफा, प्रत्येकीचा फटका १० गुणांचा. ऑसम जागेवरून १० घरांवर नेम धरतो. टोळ उभा असेल तर दोन फाशांवर ६ किंवा जास्त पडले की फटका लागला. ३६ पैकी २६ वेळा लागणार. तोच टोळ १० घरे धावून गेला असेल तर १० किंवा जास्त पडायला हवेत. ३६ पैकी ६ वेळाच. उभा राहिला तर मेला, हलत राहिला तर वाचला.

इतके ठाऊक असूनही पाचव्या रविवारी आमच्या हातून चूक झाली.

एका बाजूला धाकटी आणि पुतण्या. त्यांच्याकडे ऑसम. दुसऱ्या बाजूला आम्ही आणि आमचा थोरला. आमच्याकडे कॅटापुल्ट हा ६५ टनांचा क्षेपणास्त्रवाला, आणि थोरल्याच्या हाती १-व्ही टोळ. कॅटापुल्ट टेकडीमागे लपून मारा करू शकतो, पण समोरचे दिसायला पुढे कुणीतरी बघणारा लागतो. ते काम टोळाचे. नियम असा की बघणारा धावत असेल तर क्षेपणास्त्रांचा नेम बिघडतो आणि उभा असेल तर चांगला लागतो. आम्ही वहीत पाहिले. टोळ उभा राहिला तर ३६ पैकी २१ वेळा आमचा मारा लागणार. धावला तर १० वेळाच.

आम्ही थोरल्याला म्हणालो, "टोळ उघड्यावर उभा कर."

तो म्हणाला, "पप्पा, मारून टाकतील त्याला."

"मरू दे. सगळ्यांत स्वस्त आहे तो."

खेळात प्रत्येक यंत्राला लढाऊ किमतीचा आकडा असतो. १-व्हीचा ४३२, त्या ऑसमचा १६०५. हिशेबाने आमचे म्हणणे बरोबर होते. थोरल्याने टोळ उभा केला. ऑसमच्या तिन्ही तोफा सुटल्या. दोन फटके मधल्या धडावर. तिथे १० गुणांचे चिलखत, आत ६ गुणांचा सांगाडा. पहिल्या फटक्याने चिलखत गेले, दुसऱ्याने टोळ. त्याच फेरीत आमची क्षेपणास्त्रेही लागली आणि पुढे तासाभरात डाव आम्ही जिंकलो. आम्ही खुशीत फासे गोळा करू लागलो.

थोरला सोंगटी हातात घेऊन बसला होता. हळूच म्हणाला, "पप्पा, मलाही तुम्ही असंच पाठवत होता ना?"

प्रथम आम्हाला समजले नाही. मग समजले, आणि घास अडकल्यासारखे झाले.

त्याच्या दहावीच्या वर्षी आमची आई आजारी होती. सकाळी सहाला दवाखान्यात नंबर लावायला कोण? थोरला. रेशनच्या रांगेत कोण? थोरला. वस्तीत बैठक असली की सायकलवर घरोघर निरोप द्यायला कोण? तोच. तो चपळ, तो उलट बोलत नाही आणि त्याच्या वेळेचा आकडा आमच्या कोणत्याच वहीत नव्हता. गुण कमी आले तेव्हा आम्ही चार माणसांत म्हणालो, "अभ्यासाकडे लक्ष नाही." तो तेव्हाही काही बोलला नव्हता. आज तो बारावीला आहे. दोन वर्षे त्याने ही गोष्ट मनात ठेवली, आणि वीस टनांचा एक टोळ पडला तेव्हा ती बाहेर आली.

आम्ही त्या रात्री त्याला एवढेच म्हणालो, "चूक झाली बेटा. अभ्यास तुझा कमी पडला नव्हता, हिशेब आमचा कमी पडला." बापाने मुलापुढे चूक कबूल करायची आमच्या घरात रीत नव्हती. त्याची आई दारात उभी राहून ऐकत होती. तीही काही बोलली नाही, पण जेवताना तिने दोघांच्या ताटात सारखीच भाकरी वाढली आणि आमच्याकडे एकदा पाहिले.

पुढच्या रविवारी धाकटीने घरचा नियम केला. टोळ परत आला तरच त्या बाजूला पूर्ण गुण. मेला तर जिंकूनही अर्धे. पुतण्याने तो मान्य केला. आम्ही वहीत नवा रकाना आखला, 'परत आला का?'

त्या एका रकान्याने सगळे गणित बदलले. उत्तर थोरल्यानेच काढले. तो म्हणाला, "उभं राहायचं नाही, धावायचंही नाही. चालायचं." टोळ चालत ७-८ घरे गेला तर ऑसमचा फटका ३६ पैकी १० वेळा लागतो, आणि आपली क्षेपणास्त्रे १५ वेळा लागतात. एका फेरीपुरते पाहिले तर २१ च्या मानाने १५ कमी. पण उभा टोळ एकच फेरी कामाला येतो. चालणारा बहुधा दोन-तीन फेऱ्या तरी टिकतो. दोन फेऱ्यांतच १५ आणि १५ मिळून ३० होतात. ज्याला आम्ही काटकसर समजत होतो ती उधळपट्टी निघाली.

निकालही नव्याने लिहिला. १-ई पहिलाच राहिला, कारण पूर्ण चिलखत आहे आणि पोटात फुटणारे काही नाही. पण दुसऱ्या जागेवर साधा १-व्ही आला. हत्यारे कमी असली तरी त्याने अंगावरचे चिलखत विकलेले नाही. ज्याला परत यायचे आहे त्याला तेच आधी लागते. १-एस तिसरा. १-एम शेवटचा तो शेवटचाच.

हा खेळ प्रत्येक घरात आणावा असे आमचे म्हणणे नाही. खोका महाग आहे, आमच्या पगारात तो बसला नसता. पण वाचक बंधू-भगिनींनी आपापल्या घरातला एक हिशेब जरूर मांडून पाहावा. आपल्या घरात टोळ कोण आहे? हाक मारली की प्रत्येक वेळी कोण उठते? कुठे थोरला असेल, कुठे मधली मुलगी, कुठे नवी आलेली सून. ते माणूस पुढे जाते तेव्हा त्याच्यासाठी परत येण्याचा रकाना आपण आखला आहे काय?

आईचा दवाखाना अजून सुटलेला नाही. पण आता सकाळी सहाचा नंबर लावायला आम्ही जातो. थोरला त्या वेळी कंदिलासारखा छोटा दिवा लावून अभ्यासाला बसलेला असतो. परवा आम्ही चप्पल घालत होतो तेव्हा तो पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, "पप्पा, उभं राहू नका. चालत राहा."