बनारसच्या घाटावर फ्लॅश कधी लावाल?

बनारसला गेलात की दोन फोटो हमखास काढले जातात: नावेतून सूर्योदय आणि दशाश्वमेध घाटावरची संध्याकाळची गंगा आरती. या दोन्ही वेळी मोबाइलचा फ्लॅश 'ऑटो'वर असेल, तर तो नेमका उलटा वागतो. सकाळी हवा असतो तेव्हा गप्प बसतो आणि संध्याकाळी नको असताना लखकन चमकतो. कारण साधं आहे. ऑटो फ्लॅश समोरचा उजेड मोजतो, तुम्हाला काय टिपायचं आहे ते त्याला कळत नाही. म्हणून तो कधी लावायचा, हे तुम्हीच ठरवा.

पहाटे नावेत

काशीचे घाट गंगेच्या पश्चिम तीरावर आहेत. त्यामुळे सूर्य समोरच्या वाळूच्या पट्ट्यामागून उगवतो. सूर्याकडे पाठ करून बसलेल्या आईबाबांचा फोटो काढलात, तर आकाश सुंदर येतं आणि चेहरे काळे पडतात. अशा वेळी विजेच्या चिन्हावर टॅप करून फ्लॅश 'ऑन' करा आणि जवळ, साधारण एक मीटरवर या. ऊन चढल्यावर मात्र मोबाइलचा इवलासा दिवा पुरा पडत नाही. मग सरळ बाजू बदला. घाट मागे ठेवा, म्हणजे तेच ऊन चेहऱ्यांवर पडेल आणि मागे अहिल्याबाई घाटाच्या उजळलेल्या पायऱ्याही येतील.

कॅमेऱ्यावर वेगळा फ्लॅश असेल, तर त्याची ऑटो पद्धत, म्हणजे टीटीएल, परत आलेला प्रकाश मोजून जोर ठरवते. मागे काळोखं पाणी असलं की ती फसते आणि चेहरा पांढराफटक होतो. नावेत अंतर फारसं बदलत नाही, म्हणून इथे मॅन्युअल सोयीचं. १/१६ पासून सुरुवात करा. चेहरा अंधारा वाटला तर १/८, फार उजळ वाटला तर १/३२.

आरतीच्या वेळी

इथे फ्लॅश पूर्ण 'ऑफ'. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाईवर येतो. २ मीटरवर जेवढा उजेड पोचतो, त्याचा ८ मीटरवर सोळावा हिस्साच उरतो. म्हणजे तुमचा फ्लॅश पुजाऱ्यांपर्यंत पोचतच नाही. उजळतात ती पुढच्या रांगेतली डोकी आणि हवेतला धूर. फ्लॅश बंद करा, कोपर कठड्यावर टेकवा, स्क्रीनवर दिव्याच्या ज्योतीला बोट लावून उजेड थोडा कमी करा. पितळी दीपमाळा, ज्योतींची सोनेरी झाक, पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं जसं दिसतं तसं येईल.

मुलीच्या हातात पानाच्या द्रोणातला दिवा असेल, तर तोच तिच्या चेहऱ्याचा प्रकाश. दिवा किंचित वर धरायला सांगा.

मणिकर्णिकेपाशी

नाव मणिकर्णिका घाटाजवळून जाते तेव्हा चिता पेटलेल्या असतात, काठावर कुणाचं तरी घर दुःखात उभं असतं. तिथे फोटो काढू नयेत. ऑटोवर राहिलेला फ्लॅश एका चुकीच्या स्पर्शानेही चमकू शकतो, म्हणून नाव तिथे पोचण्याआधीच मोबाइल खिशात ठेवा. मुलांनाही तसं आधीच सांगून ठेवा.