दगडाचा ठावठिकाणा

सन 2012 च्या मे महिन्याच्या 22 तारखेस, भर दुपारी, नागपूरच्या पश्चिमेस असलेल्या काटोल गावावर व त्याच्या आसपासच्या शिवारांवर अशनींचा वर्षाव झाला, आणि आयुष्यभर फळ्यावर खडूने अशनीची आकृती काढून मुलांस समजाविणाऱ्या माझ्यासारख्या भूविज्ञानाच्या शिक्षकास, दोन दिवसांनी का होईना, आकाशातून आलेला ताजा दगड हाती घेण्याचा योग आला.

अशनी काळा असतो एवढे लोकांच्या कानी गेले होते. परंतु ज्या मुलखात माती काळी, बांधावरचे धोंडे काळे आणि घरांची जोतीही काळ्याच फत्तराची, तेथे काळेपणा ही काही ओळख नव्हे. लोहचुंबकाचाही भरवसा धरवेना, कारण आपल्या बेसाल्टातही मॅग्नेटाइट असल्यामुळे तो थोडाफार ओढला जातोच. एका संत्र्याच्या बागायतदाराने ओट्यावर चार दगड मांडून मला बसवले व म्हणाला, "गुरुजी, आभायात ढग नोता, अन् ईज पडल्यावानी कडाडलं." चारांपैकी तीन दगड जसे बाहेरून तसेच आतूनही काळे, म्हणजे याच मातीचे. चौथा सुपारीहून किंचित मोठा होता. त्याची साल निस्तेज काळी, नखापेक्षाही पातळ. एका कोपऱ्यास टवका उडाला होता तेथे आतला भाग चुलीतल्या राखेसारखा, आणि उन्हात तिरपा धरताच त्यात धातूचे बारीक कण लखलखले.

त्या हर्षाच्या भरात माझ्या हातून चूक घडली. तो दगड आणि पुढच्या वस्तीवर मिळालेला तेवढाच दुसरा दगड मी एकाच पिशवीत टाकले. कोणता कोठला, हे सायंकाळी सांगता येईना. अशनी हवेत फुटल्यावर लहान तुकडे वेग गमावून अलीकडेच पडतात व जड तुकडे मार्गाच्या दिशेने पुढे जातात. म्हणून प्रत्येकाचे वजन आणि पडल्या जागेची नोंद नकाशावर मांडली की आकाशातील वाट जमिनीवर उमटते. पोलीसपाटील पंचनाम्यात चतुःसीमा लिहून घेतो त्यामागचे शहाणपण मला त्या दिवशी उमगले. दुसऱ्या दिवसापासून दगड उचलण्याआधी मी जबानी लिहू लागलो: कोणी पाहिला, कोणत्या बाजूने आवाज आला, खड्डा किती खोल.

काटोलच्या अशनीचा वर्ग पुढे एल6 असा ठरला. एल म्हणजे लोहाचे एकंदर प्रमाण बेताचे असलेला साधा कोंड्राइट. हा गट ऑलिव्हिन व पायरॉक्सिन या खनिजांतील लोहावरून ठरतो. सहाचा आकडा असे सांगतो की मूळ लघुग्रहाच्या पोटात तो इतका तापला, की कोंड्रूल नामक गोल मण्यांच्या कडा भोवतालच्या खनिजांत विरून गेल्या. हे सारे मिलिमीटरच्या तीन-शतांश जाडीच्या पारदर्शक चकतीत सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येते.

ते दोन्ही दगड मी रीतसर सरकारजमा केले. माझ्या रोजनाम्यात त्यांचे वजन आहे, वर्ग आहे, सुमारे साडेचारशे कोटी वर्षांचे वयही मी लिहिले आहे. मात्र कोणता बागेतला आणि कोणता वस्तीवरचा, या दीड मैलाच्या प्रश्नापुढचा रकाना कोरा आहे.