तिसरी पिन

मी कचेरीतला कारकून, तोही बी.ए.ला मराठी घेतलेला. ऑसिलोस्कोपशी माझा कधी संबंध यावा असं काही माझ्या पत्रिकेत नव्हतं. पण भाचा म्हापशाला एका शेडमध्ये मोटरींचे ड्राइव्ह दुरुस्त करतो. गेल्या चतुर्थीला त्याच्याकडे डोकावलो, तर स्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिन कापलेली!

"कित्याक रे?"

त्याने समजावलं ते असं. स्कोपच्या साध्या प्रोबचा काळा चिमटा आतून अर्थिंगला जोडलेला असतो. तो ड्राइव्हच्या जिवंत भागाला लावला की शॉर्टसर्किट. म्हणून ह्या पोरांनी तोडगा काढला, अर्थिंगच तोडायचं. मग शॉर्ट होत नाही खरं, पण चिमट्यावरचा तीनशेच्या आसपासचा व्होल्टेज स्कोपच्या पत्र्यावर येऊन बसतो. एकदा त्याला झटका बसलाही होता. "आईला सांगू नको हां मामा."

ताईला सांगितलं नाही. बोनस मात्र डिफरेन्शियल प्रोबसाठी बाजूला ठेवला. ह्या प्रोबला दोन्ही टोकं सारखीच. तो दोन बिंदूंमधला फरक मोजतो आणि स्कोपला कमी करून देतो. अर्थिंग जागच्या जागी राहतं.

तीन प्रोबची माहितीपत्रकं छापून आणली आणि कचेरीच्या सवयीने तुलनात्मक तक्ता केला. भाच्याला सगळ्यात स्वस्त हवा होता. आमच्याकडेही तसंच, कमी दर तो पास. पण बारीक अक्षरं वाचायची खोड मला नोकरीने लावली आहे. दोन टोकांमधला कमाल व्होल्टेज मोठ्या अक्षरांत, आणि प्रत्येक टोकाचा अर्थिंगपासूनचा वेगळा, कमी आकडा खाली कोपऱ्यात! शिवाय फ्रिक्वेन्सी वाढली की हे आकडेही उतरतात, त्याचा आलेख शेवटच्या पानावर.

खरी मेख निघाली ती सीएमआरआरमध्ये. दोन्ही टोकं एकदमच वर उचलली गेली, तर ती उडी प्रोबने दुर्लक्षायची असते. 50 हर्ट्झला 80 डेसिबल, म्हणजे दहा हजारांतला एक भाग गळतो. पण मेगाहर्ट्झमध्ये तोच आकडा 40 वर आला, तर शंभरातला एक. 415 व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी साधारण 587. म्हणजे जवळपास सहा व्होल्टचं भूत, आणि भाच्याला पाहायचा असतो वरच्या ट्रान्झिस्टरच्या गेटवरचा पंधरा व्होल्टचा सिग्नल! स्वस्तवाल्याने तर फक्त 50 हर्ट्झचा आकडा दिला होता. आमच्या कचेरीत असं कोटेशन मी अपूर्ण म्हणून परत पाठवतो.

तिघांतला महाग घेतला. तो आल्यावर आधी प्लग बदलायला लावला, तीन पिनांचा, आणि मगच डबा उघडू दिला.

ताईने विचारलंच, "एवढे पैसे कसले रे दिलेस त्याला?"

म्हटलं, "वायर घेतली."