सासवडचा मुक्काम

दिवेघाट लागला की माझी लेक खिडकी सोडत नाही. खाली मस्तानी तलाव दिसला, की "आई, आता आजी आली!" असा तिचा पुकारा. माझं माहेर सासवडचं. लग्न होऊन चिंचवडला आले त्याला चौदा वर्षं झाली, पण ज्येष्ठ वद्य एकादशीला माउलींची पालखी सासवडी येते नि दोन रात्री मुक्काम करते, तेव्हा मी आईकडे असायचीच. माझी शाळेतली नोकरी अर्धवेळ. मोठ्या बाई हसून म्हणायच्या, "हे दोन दिवस तुम्ही आमच्या नाहीत!"

या नेमाला खंड पडला तो २०२० आणि २०२१ साली. कोरोनाची साथ. विठ्ठलाचं मंदिरसुद्धा १७ मार्च २०२० पासून दर्शनाला बंद झालेलं. लाखो माणसांची वारी निघालीच नाही. माउलींच्या पादुका दशमीला फुलांनी सजवलेल्या एस.टी.तून मोजक्या मंडळींसोबत पंढरपूरला गेल्या. १ जुलैच्या शासकीय महापूजेला दर्शनाच्या रांगेतलं दांपत्य मानाचे वारकरी म्हणून घेतात, पण त्या वर्षी रांगच नव्हती. तो मान मंदिरातल्या विणेकऱ्याला मिळाला. दूरदर्शनवर ते पाहताना आईनं डोळ्यांना पदर लावला होता.

त्याच सप्टेंबरात दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ताप आला. दवाखान्यात नेलं ते परत आलेच नाहीत. आई घरात एकटी, तीही आजारी, दारावर कागद चिकटवलेला. भाऊ नाशिकला अडकलेला, आमच्याकडे दोघं अंथरुणावर. मला निघता येईना. तेव्हा आईला सांभाळलं ते आळीनं. समोरच्या काकू रोज अकराला डबा आणून कट्ट्यावर ठेवायच्या, काठीनं दार वाजवायच्या आणि आपल्या उंबऱ्यावर जाऊन बसायच्या. आईचं जेवण होईपर्यंत उठायच्या नाहीत. रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला गप्पा चालायच्या. "एकटीनं जेवलं की घास उतरत नाही हो," असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी मारुतीच्या देवळातला हरिपाठ बंद होता, तर जो तो आपापल्या दारात टाळ घेऊन उभा राहायचा नि आळीभर हरिपाठ व्हायचा. आई आतून खिडकीशी बसून म्हणायची.

आई हे सगळं फोनवर सांगायची आणि मी गप्प होत असे. कारण मैत्रिणींनो, त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीत मी काय केलं होतं, ते मला ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात. त्यांनी साथ असेपर्यंत दुसरीकडे राहावं, असा अर्ज फिरला होता. वीस सह्या झाल्या. अकरावी माझी होती. महिनाभर त्या दवाखान्यातच राहिल्या नि त्यांचं पाच वर्षांचं पोर आजीजवळ. मला माझ्या लेकराची भीती वाटली, हे खरं. पण त्यांनाही लेकरू होतं.

२०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली. आम्ही मायलेकी २३ जूनलाच सासवडला पोचलो, कारण एकादशीला घाट पालखीसाठी राखलेला असतो. पुण्याहून सासवड हा वारीतला फार लांबचा टप्पा, जवळजवळ तीस किलोमीटरचा, आणि त्यात हा घाट! रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, तेव्हा तो वर येतो. २४ तारखेला सासवडात पाय ठेवायला जागा नव्हती. घराघरांतून उपासाची भगर, दाण्याची आमटी शिजत होती आणि दुसऱ्या दिवशीच्या पारण्यासाठी ज्वारीची दळणं भरून ठेवलेली. आईनं दोन दिवस आधीच ठेचा कुटून ठेवला होता.

आमच्या पडवीत परभणीकडच्या एका दिंडीतल्या बायका दरवर्षी उतरतात. पूर्वी वीसेक असायच्या, या वेळी चौदाच आल्या. कुणाचे गुडघे राहिले होते, कुणी त्या साथीत गेल्या होत्या. आत येताच म्हाताऱ्या आजींनी विचारलं, "दादा दिसंनात कुठं?" आईनं भिंतीवरल्या फोटोकडे बोट केलं. आजी तिथंच खाली बसल्या. कुणी काही बोललं नाही.

आलेल्या वारकऱ्यांचे पाय ऊन पाण्यानं धुवायचे, हे दादांचं काम. त्या संध्याकाळी त्यांचं घंगाळ मी घेतलं. भेगाळलेले, फोड आलेले ते पाय! सहावी का सातवी बाई चाळिशीची असेल. पाय मागे घेत म्हणाली, "नको ताई, मी दवाखान्यात फरशा पुसणारी." साथीत ती रोज कामावर जायची, म्हणून गावानं महिनाभर तिला पाणी भरायला येऊ दिलं नव्हतं. "आन् आता त्याच बायांनी वर्गणी काढून वारीला धाडलं मला," असं सांगून ती हसली.

मग माझ्याच्यानं राहवेना. तिचे पाय पुसता पुसता मी त्या सहीचं सांगून टाकलं. आजवर नवऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं ते. तिनं ऐकून घेतलं नि विचारलं, "बाई हायेत का अजून तिथंच?"

"हो, तिसऱ्या मजल्यावर."

"मग जा की."

दुसऱ्या दिवशी द्वादशीला पिठलं-भाकरीचं पारणं झालं. कऱ्हेकाठच्या समाधिमंदिरातून सोपानदेवांची पालखी निघाली. तीही दोन वर्षांनी पायी! आळीतल्या सगळ्याजणी एकमेकींना धरून गर्दीत उभ्या होत्या. काकूंनी आईचा हात सोडला नाही.

तुम्हाला जायचं तर पुण्याहून एस.टी. आणि पीएमपीच्या गाड्या आहेत. पालखीच्या दिवसांत आदल्या दिवशीच पोचावं. एरवी गेलात तर सोपानदेवांची समाधी आणि संगमेश्वर दोन्ही निवांत बघून होतात. कुणाच्या पडवीत पाणी मागून प्या, नाही म्हणणार नाहीत.

चिंचवडला परतल्यावर प्रसादाचे चुरमुरे नि आईच्या लोणच्याची बरणी घेऊन मी तिसरा मजला चढले. दार त्यांनीच उघडलं. जे सांगायचं ते दारातच सांगितलं. आत बसून सांगायचं धाडस नव्हतं.

त्या थोडा वेळ बरणीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत आहे. अर्ज मला दाखवला होता त्यांनी. सगळी नावं वाचली होती मी."

मी मान खाली घातली. त्यांनी बरणी घेतली नि दारातून बाजूला झाल्या. "या आत," म्हणाल्या, "चहा टाकलाय."