उरलेल्या गोळ्या

शिरूरच्या आमच्या घरात फडताळावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असायचा. कुणाचंही औषध उरलं की त्यात जायचं. गोळ्या टाकून देणं आजीला अन्न टाकल्यासारखं वाटे.

बारावीला मी दौंडला मामाकडे होतो. पावसाळा संपता संपता थंडी वाजून ताप आला. रक्त तपासलं, मलेरिया निघाला, व्हायवॅक्स जातीचा. क्लोरोक्विनच्या 10 गोळ्या मिळाल्या : पहिल्या दिवशी 4, दुसऱ्या दिवशी 4, तिसऱ्या दिवशी 2. शिवाय 14 दिवस प्रायमाक्विन. दुसऱ्या रात्री ताप उतरला. तोंड कडूजहर झालेलं, सहामाही तोंडावर. शेवटच्या 2 गोळ्या मी घेतल्याच नाहीत, प्रायमाक्विनही आठवड्यात सोडलं. दिवाळीत उरलेलं सगळं डब्यात गेलं.

दोन महिन्यांनी ताप परत आला. ‘औषध लागू पडेना,’ घरचे म्हणाले. दोष औषधाचा नव्हता. व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात. क्लोरोक्विन त्यांना मारत नाही. त्यांच्यासाठीच ते 14 दिवस असतात. या वेळी मी सगळा कोर्स पुरा केला.

त्याच हिवाळ्यात आमच्या फडावर ऊसतोडीची टोळी आली होती. त्यातली एक बाई तापाने फणफणलेली. आजीने डबा उघडला. "बघ रे, कशाच्या आहेत?" मी पाकीट वाचून सांगितलं, "मलेरियाच्याच." त्या 2 गोळ्या तिने पाण्याबरोबर घेतल्या. तिचं रक्त कुणी तपासलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती कोयता घेऊन उभी होती. चार दिवसांनी टोळी पुढच्या गावाला गेली.

पुढे इंजिनिअर झाल्यावर हे सगळं वाचलं. परजीवी आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारा हीम त्याच्यासाठी विषच. तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक करून टाकतो. क्लोरोक्विन हे स्फटिक होऊ देत नाही. पण एका जनुकातल्या बदलामुळे काही परजीवी औषधच बाहेर फेकतात. औषध अपुरं पडलं की साधे मरतात, असे तगतात, आणि डास त्यांनाच पुढे नेतो. फॅल्सिपॅरम जातीत हे भारतात पहिल्यांदा 1973 साली आसाममध्ये दिसलं. 2010 मध्ये देशभर फॅल्सिपॅरमसाठी क्लोरोक्विन सोडून आर्टेसुनेटची जोड-औषधं घ्यावी लागली. दोन औषधं एकदम, कारण दोन्ही चुकवणारा परजीवी विरळा. कंबोडिया-थायलंड सीमेवर तर त्याआधीच आर्टेमिसिनिनलाही दाद न देणारे परजीवी सापडले होते.

माझ्या 2 गोळ्यांनी यातलं काही घडवलं, असा माझा दावा नाही. आमच्याकडे व्हायवॅक्सला आजही क्लोरोक्विनच देतात. मला छळते ती बाई. ताप दबला, म्हणून ती दवाखान्यात गेली नाही. तिला काय झालं होतं आणि पुढे काय झालं, हे मला कधीच कळणार नाही.

गेल्या सुट्टीत मी तो डबा रिकामा केला. आजी म्हणाली, "अरे, कुणाला तरी कामी आल्या असत्या."

मी तिला त्या बाईची आठवण करून दिली नाही.