सलगीचे व्याकरण

दापोली तालुक्यातील बुरोंडी हे समुद्रकाठचे गाव. मासेमारी हा तिथल्या अनेक घरांचा पिढीजात धंदा. अशाच एका घरातला तरुण पुण्यात जपानी भाषा शिकत होता. वर्गातील टिपणांखेरीज त्याने आणखी एक वही ठेवली होती. पाठ्यपुस्तकात न येणारे, परंतु जपानी मुले आपापसांत सर्रास वापरतात असे शब्द तो तीत उतरवून घेई. डाव्या बाजूला जपानी शब्द, उजव्या बाजूला त्याचा मराठी अर्थ. ‘याबाई’ म्हणजे ‘भन्नाट’, ‘ओमाए’ म्हणजे ‘तू’, अशी ती यादी वाढत गेली. रोजच्या बोलण्यातली भाषा म्हणजे शब्दांचा एक निराळा साठा, तो पाठ केला की आपण त्या भाषेत मोकळे झालो, अशी या वहीमागची धारणा होती. ही धारणा एकट्या त्याची नव्हे. परकी भाषा शिकणाऱ्या बहुतेकांची ती असते.

या धारणेला अध्यापनाची प्रचलित पद्धत काही अंशी जबाबदार आहे. ‘मिन्ना नो निहोंगो’ या १९९८ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकात विद्यार्थ्याला आरंभापासून ‘देसु-मासु’ या सभ्य रूपांची सवय लावली जाते. पहिल्या भागात २५ पाठ आहेत. समवयस्कांशी बोलण्याची साधी शैली त्यांपैकी विसाव्या पाठात येते. या क्रमात व्यवहाराचे शहाणपण आहे. नवख्याने अधिक अदब दाखवली तर कोणी रागावत नाही, कमी दाखवली तर माणसे दुखावतात. तथापि त्यामुळे सभ्य रूप हेच मूळ आणि साधे रूप ही त्याची घसरण, असा समज विद्यार्थ्याच्या मनात रुजतो. व्याकरण याच्या उलट सांगते. शब्दकोशात ‘खाणे’ या अर्थाचे क्रियापद ‘ताबेरु’ असे साध्या रूपातच सापडते. ‘ताबेमासु’ हे त्यावरून साधलेले रूप होय. आदरपूर्वक बोललेल्या वाक्यातही पोटवाक्याचे क्रियापद सामान्यतः साध्या रूपातच राहते. १९८४ साली सुरू झालेली आणि २०१० पासून पाच पातळ्यांवर घेतली जाणारी जपानी भाषाप्रावीण्य परीक्षा शब्द, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासते. तीत संभाषणाची परीक्षा नाही. समोरच्या माणसाला काय म्हणून हाक मारावी, याचा निर्णय एकदाही न करता तिचे प्रमाणपत्र मिळवता येते.

बुरोंडीत या मुलाला त्याची पहिली भाषा मिळाली ती नेमक्या उलट क्रमाने. ‘हाय’ आणि ‘नाय’ आधी आले, ‘आहे’ आणि ‘नाही’ शाळेने मागाहून दिले. त्याआधीही त्याच्या कानावर पडला होता तो आजीचा ‘मेल्या’. ‘जेवलास काय रे मेल्या?’ हे वाक्य त्याने बालपणी हजारदा ऐकले असेल. ज्या पट्ट्यात तो वाढला, तिथल्या बोलीची नोंद ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाने १९०५ च्या मराठीविषयक खंडात बाणकोटी, संगमेश्वरी अशा नावांनी केलेली आहे. दापोली तालुक्यातल्याच मुर्डीत जन्मलेल्या श्री. ना. पेंडशांनी ‘गारंबीचा बापू’ (१९५२) या कादंबरीपासून या मुलुखाच्या बोलण्याला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली. मात्र कादंबरीत जी बोली अभ्यासाचा विषय होते तीच विद्यार्थ्याच्या तोंडी ‘अशुद्ध’ ठरते. पुण्यात आल्यावर पहिल्याच वर्षी दोन-तीनदा हसे झाले आणि या तरुणाने आपली मराठी खरवडून स्वच्छ केली. ती इतकी स्वच्छ झाली की त्याचे गाव बोलण्यावरून ओळखू येईना. हे त्याला यश वाटले, आणि त्या वेळी ते यशच होते.

वहीतील शब्द वापरण्याची संधी त्याला एका जपानी विद्यार्थ्यामुळे मिळाली. पुण्यात काही महिन्यांसाठी आलेल्या त्या समवयस्काला त्याने दुसऱ्याच भेटीत ‘ओमाए’ म्हटले. तो मुलगा हसला, क्षणभर थांबला, आणि पुढचे सारे संभाषण त्याने काटेकोर ‘देसु-मासु’त केले. शब्द बरोबर होता, उच्चार बरोबर होता, वहीतला अर्थही चुकलेला नव्हता. चुकला होता तो अधिकार.

‘ओमाए’चा इतिहास या ठिकाणी उद्बोधक ठरतो. ‘समोरचे आदरणीय’ असा त्याचा मूळ भाव. एके काळी तो वडीलधाऱ्यांसाठी वापरला जाई. वापरता वापरता तो खाली उतरला आणि आता जिवलग मित्राला तरी शोभतो किंवा भांडणात तरी. ‘किसामा’ची गतही तीच. पूर्वी पत्रांत आदराने लिहिला जाणारा हा शब्द आज उघड अपमानाचा झाला आहे. कोकणातील ‘मेल्या’ने उलट दिशेने प्रवास केलेला दिसतो. मरणाची शिवी आजीच्या तोंडी मायेचे संबोधन झाली. बाख्तीनने राब्लेवरील आपल्या ग्रंथात (१९६५) बाजारातल्या मोकळ्या भाषेचा विचार करताना स्तुती आणि शिवी ही एकाच नाण्याची दोन अंगे असल्याचे दाखवून दिले, ते येथे आठवते. गुन्हेगारांच्या आणि फिरत्या विक्रेत्यांच्या बोलीत ‘धोका आहे’ असे सुचवणारा ‘याबाई’ तरुणांच्या तोंडी ‘अप्रतिम’ होतो, आणि मराठी मुले उत्तम भजी खाऊन ‘खतरनाक’ म्हणतात, तेव्हा दोन दूरच्या भाषा एकच गोष्ट करीत असतात. अशा शब्दांचा अर्थ शब्दात नसतो; तो बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामधल्या अंतरात असतो. त्या तरुणाच्या वहीत या अंतरासाठी जागाच नव्हती. पुढे त्याने तीत तिसरा रकाना आखला: ‘कोण कोणाला’.

रॉजर ब्राउन आणि ॲल्बर्ट गिलमन यांनी १९६० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात युरोपीय भाषांतील ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्या मागे सत्ता आणि आपलेपणा ही दोन तत्त्वे काम करतात असे मांडले. मराठीजवळ यासाठी अधिक नेमका शब्द आहे: सलगी. सलगी ‘करता’ येते आणि ‘देता’ही येते. न मिळालेली सलगी केली की तो आगाऊपणा ठरतो. दिलेली घेतली नाही की तो परकेपणा ठरतो. जपानीत समवयस्कांच्या बरोबरीच्या बोलण्याला ‘तामेगुची’ म्हणतात. त्यातील ‘तामे’ हा जुगाऱ्यांच्या परिभाषेतून आला असे मानले जाते. दोन्ही फाशांवर सारखेच दान पडणे, असा त्याचा अर्थ. दान दोघांचे सारखे पडावे लागते. एकट्याने ते ठरवता येत नाही. शिवाय आतले कोण आणि बाहेरचे कोण, याच्या रेषा प्रत्येक समाज वेगळ्या आखतो. मराठी माणूस परक्यासमोरही ‘वडील आले आहेत’ असेच म्हणेल. जपानी माणूस घरात वडिलांना ‘ओतोसान’ अशी आदराची हाक मारील, पण बाहेरच्यांशी बोलताना त्यांचा उल्लेख ‘चिची’ अशा साध्या शब्दाने करील. जे आपले त्याला परक्यासमोर मोठेपणा द्यायचा नाही, हा तिथला नियम. हे यादीने शिकवता येत नाही.

या प्रसंगानंतर त्या तरुणाला स्वतःच्या घरातली एक गोष्ट जाणवली. गेली दोन वर्षे आजी दूरध्वनीवर त्याला ‘मेल्या’ म्हणत नव्हती. ‘जेवलास काय, बाळा?’ असे ती विचारी, आणि तो ‘हो, जेवलो. काही काळजी करू नकोस’ असे स्वच्छ मराठीत उत्तर देई. ‘बाळा’ हा शब्द त्याला अधिक प्रेमळ वाटला होता. शिकलेल्या नातवाचा तो मान आहे अशीही त्याची समजूत होती. जपानी मुलगा ज्या सफाईने ‘देसु-मासु’कडे वळला होता, तीच सफाई आता त्याला आजीच्या ‘बाळा’त ऐकू आली. फरक एवढाच की तिथे त्याने न दिलेली सलगी घेतली होती. येथे दिलेली सलगी त्याने नकळत परत केली होती.

जपानी शिकणाऱ्या परदेशीयाला ‘तुमचे जपानी छान आहे’ ही प्रशंसा दोन वाक्ये बोलताच ऐकायला मिळते. अनुभवी विद्यार्थी तिने हुरळून जात नाहीत. ती पाहुण्याला दिलेली सुपारी असते. ज्या दिवशी समोरचा माणूस प्रशंसा थांबवून चूक दाखवू लागतो, त्या दिवशी शिकणारा उंबरठ्याच्या आत आलेला असतो. त्या पुण्यातील जपानी मुलानेही परतण्यापूर्वी एकदा त्याची चूक मध्येच तोडून साध्या रूपात दुरुस्त केली. ‘ओमाए’ कोणीच म्हणाले नाही. त्याची गरज उरली नव्हती.

गणपतीच्या सुटीत तो बुरोंडीला गेला तेव्हा ठरवून जुने बोलणे बोलू लागला. आजीने काहीतरी विचारले आणि तो जोर देऊन ‘नाय’ म्हणाला. वहीतल्या शब्दासारखाच तो पाठ केलेला वाटला. स्वतःच्या घरात तो भाषा शिकणारा झाला होता. आजी मासे साफ करता करता हसली. ‘असा नाय म्हणत, मेल्या!’ ती म्हणाली आणि त्याला तो शब्द म्हणून दाखवला.

त्यानंतरही दूरध्वनीवर ‘बाळा’ पूर्णपणे गेला नाही. दोन्ही शब्द आलटून पालटून येत राहिले. पुण्यात राहणाऱ्या नातवाला एवढीच सलगी परत मिळण्याजोगी होती, आणि ती देणे केवळ तिच्या हाती होते.